ऑटोमॅटिकचं तेल: सेन्सर कुठे बसवलाय ते आधी बघा

इंजिनच्या पाण्याचा तापमान-काटा मध्यावर असला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची काळजी नको, असं या चर्चेत वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. केरीहून नारळाची पोती भरून चोर्ला घाट चढताना आमच्या जुन्या पिकअपचा पाण्याचा काटा तसूभर हलला नाही, पण गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तेल ९२ वरून ११८ अंशांवर गेलं. वळणावर वेग उतरला की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे त्याची थेट पकड, सुटतं, आणि आतल्या त्या घसरणीनंच तेल तापतं. वर आल्यावर लगेच इंजिन बंद केलं नाही. हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं, म्हणजे तेल ते थंड करणाऱ्या कूलरमधून फिरत राहतं. कणकुंबीपर्यंत आकडा परत शंभराच्या आत.

तेलाच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवणाऱ्यांसाठी एक राहिलंच. सेन्सर तेलाच्या चेंबरमध्ये असेल तर एकंदर तेलाचं तापमान कळतं. कन्व्हर्टरकडून कूलरला जाणाऱ्या पाइपवर असेल तर घाटात आकडा बराच वर उडतो, घाबरू नका. कूलरहून परतणाऱ्या पाइपवर मात्र लावू नका, तिथं थंड झालेलं तेल दिसतं आणि खोटा धीर येतो. तेल काळपट, करपट वासाचं झालं असेल तर मीटरआधी तेच बघून घ्या.