भविष्यात जाणं हा काळप्रवास, की नुसतं उशिरा म्हातारं होणं?

अडकित्ता:
काळप्रवासाचा विषय निघाला की कुणीतरी पदाल्काला पुढे करतंच. गेन्नादी पदाल्का, रशियन अंतराळवीर, एकूण 879 दिवस वर काढले. वेगामुळे त्याचं घड्याळ मागे पडलं सेकंदाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाने. म्हणजे तो भविष्यात गेला म्हणे! शिवनेरीत डोळा लागला आणि वाशीच्या पुलावर जाग आली, तर मी काळ ओलांडला का? प्रवास म्हटला की परतीची सोय हवी.

उंबरठा:
शिवनेरीचा दाखला गंडलाय. झोपेतही दाढी वाढते, भूक लागते. इथे काळच कमी सरतो. 1971 साली हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सिझियमची चार अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. त्यांची तिकिटंसुद्धा काढली, 'मिस्टर क्लॉक' नावाने! पूर्वेच्या दिशेने फिरून आली तेव्हा जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा 59 नॅनोसेकंद मागे, पश्चिमेच्या दिशेने फिरून आली तेव्हा 273 पुढे. घड्याळाला डुलकी लागत नाही. आणि परतीची अट कुठून आणलीत? माझे पणजोबा कोकणातून मुंबईला आले ते परत गेलेच नाहीत. तो प्रवास नव्हता?

रिकामी_काकू:
पुराणातला ककुद्मी राजा आठवला. लेक रेवतीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, तेवढ्यात खाली 27 चतुर्युगं उलटली. मनात योजलेला एकही वर उरला नाही. ('आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' हा फाटा कृपया नको.) परतीची वाट नव्हती म्हणूनच तर तो गेला असं म्हणायचं ना?

अडकित्ता:
काकू, गोष्ट छान. पण पणजोबांना परतीची बोट होती, ते चढले नाहीत. पदाल्काला बोटच नाही. हॉकिंगने 28 जून 2009 ला काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, आमंत्रणं मुद्दाम नंतर धाडली. काळं कुत्रंही फिरकलं नाही.

उंबरठा:
ती गंमत होती हो. गणिती गोडेलने 1949 मध्ये आइनस्टाइनच्याच समीकरणांतून भूतकाळात नेणाऱ्या वाटा काढून दाखवल्या. अट एवढीच की सगळं विश्व गरगरत हवं. आपलं तसं दिसत नाही, मान्य. पण खरा प्रश्न वेगळा आहे. सापेक्षतेत सगळ्यांचा मिळून एकच 'आत्ता' नसतो. मग भूतकाळ 'होता' कशाला, 'आहे'च म्हणा. गाडी ठाण्याला लागली म्हणून दादर पुसलं जात नाही.

अडकित्ता:
माझी आजी 1998 मध्ये गेली. तिची तपकिरीची डबी अजून कपाटात आहे, उघडली की आजही शिंक येते. ती दादरसारखी 'आहे'?

उंबरठा:
1955 च्या मार्चमध्ये मित्र बेसो गेला, तेव्हा आइनस्टाइनने त्याच्या घरच्यांना तेच कळवलं होतं. भूत, वर्तमान, भविष्य हा भेद म्हणजे चिवट भ्रम.

अडकित्ता:
सांत्वनाचं पत्र होतं ते, शोधनिबंध नव्हे. दादरला मी उद्या जाऊन फोटो टाकतो. आजीचा तुम्ही टाका.