गाणी वाजवणारं ॲप खुलं सोडलं, आता सोर्स बंद करू का?

विश्रामबागकर (धागाकर्ता):

गेले आठ दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून शेवटी इथे टाकतोय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

स्वतःची गाणी घरच्या सर्व्हरवर ठेवायची आणि फोनवर ऐकायची, यासाठी मी एक अँड्रॉइड ॲप लिहिलंय. सबसॉनिक या गाणी पुरवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्रॅमचा एपीआय (ॲपने सर्व्हरशी बोलायची पद्धत) वापरतं, म्हणजे तीच पद्धत समजणाऱ्या नॅव्हिड्रोम, एअरसॉनिक अशा कुठल्याही सर्व्हरला जोडता येतं. कोड (म्हणजेच सोर्स) जीपीएल ३ या परवान्याखाली खुला आहे आणि एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या स्टोअरवर ॲप फुकट मिळतं. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटेल.

सुरुवात झाली वडिलांच्या कॅसेटींपासून. जुनं घर सांगलीच्या गावभागात. २००५ च्या पुरात निम्म्या कॅसेटी गेल्या. २०१९ ला ट्रंक वेळेवर माळ्यावर चढवली, पाणी लागलं नाही, पण ओल धरलीच. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मग ठरवलं, आता पुढच्या पुराची वाट बघायची नाही. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, फीत पेन्सिलीने ताणून घ्यायची, अर्ध्या तासाने उठून बाजू बदलायची, असं करत दोन वर्षं रविवार घातले. जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम बसवलं आणि वाटलं, झालं.

पण तयार ॲप्समध्ये दोन दुखणी होती. मैफलीचं रेकॉर्डिंग मी ट्रॅकमध्ये कापलेलं. विलंबित संपून द्रुत सुरू होताना ॲप अर्धा सेकंद गप्प बसायचं. सम यायच्या तोंडाशी शांतता! वडील रेडिओ लावा म्हणाले. दुसरं म्हणजे आर्टिस्ट, अल्बम, जॉनर हे तीन खण. राग कुठे लिहायचा? ताल? तबल्यावर कोण होतं? म्हणून स्वतः लिहायला घेतलं. जोड न दिसता वाजवणं, रागावरून यादी, आणि नेट जायच्या आधी पुढचा ट्रॅक उतरवून ठेवणं (खंबाटकीच्या बोगद्यात तान तुटली की फार राग येतो).

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला. माझंच ॲप, नाव दुसरं, आयकॉन पिवळा, दर तीन गाण्यांनंतर जाहिरात, आणि जाहिरात नको असेल तर १४९ रुपये. माझंच कशावरून? माझ्या सेटिंगमध्ये ‘शोध इतिहास’च्या जागी चुकून ‘शाध इतिहास’ पडलं होतं. त्यांच्याकडेही ‘शाध इतिहास’. सोर्सची लिंक मात्र कुठेच नाही.

तर पुढची आवृत्ती बंद सोर्सची काढू का? मोकळेपणाने बोला.

हिशेबनीस:

मोकळेपणाने बोलायचं तर दुकान उघडं टाकून तुम्ही झोपलात आणि आता गल्ला गेला म्हणून रडताय. राग मानू नका. मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. आजवर एका माणसाला सोर्स दिला नाही आणि एकानेही मागितला नाही. अडत्याला पट्टी बरोबर निघाल्याशी मतलब. तुमच्या ऐकणाऱ्यालाही गाणं वाजल्याशी मतलब. कोड वाचणारे शंभरात दोन, आणि त्या दोनातला एक हा पिवळ्या आयकॉनवाला.

बंद करा, प्ले स्टोअरवर शंभर रुपये लावा.

तंबोरा_मिरज:

हिशेबनीस, मिरजेत या एकदा. सितारमेकर गल्लीत दुकानाच्या पायरीवर बसून माणूस पंढरपूरकडचा भोपळा कापत असतो. येणारा जाणारा बघतो. जवारी लावताना (घोडी घासून तारेला झंकार आणताना) तर शेजारी बसून बघू देतात, तरी ती कुणाला चोरता आलेली नाही, कारण ती कानात असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. म्हणजे काय, तर सतार कुणीही करावी, पण ‘मिरजेची’ म्हणून कुणीही विकू नये. जपलं ते नाव, कृती नव्हे.

धागाकर्त्याने तेच करावं. कोड राहू दे खुला. नाव आणि आयकॉन स्वतःचे, ते इतरांनी वापरायचे नाहीत, एवढं ठळक लिहावं.

हिशेबनीस:

उपमा छान आहे, पण लंगडी आहे. सतार नकलायला सहा महिने हात चालवावा लागतो, कोड नकलायला सहा सेकंद पुरतात. आणि पिवळ्याने यांचं नाव वापरलंच कुठे? त्याने तर नाव बदललं. तुमचं नाव जपण्याचं औषध या रोगावर चालतच नाही.

तंबोरा_मिरज:

हे मात्र बरोबर बोललात. मागे घेतो, अर्धं.

अजिंक्यतारा:

साताऱ्यात वकिली करतो, फुकट सल्ला देतोय, त्याच भावाने घ्या.

भारतात संगणक प्रोग्रॅमला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कोड खुला सोडला म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. जीपीएल ही अटींवर दिलेली परवानगी आहे. विकायला तिची ना नाही, जाहिराती लावायलाही ना नाही. ज्याला ॲप दिलं त्याला बदललेला सोर्स त्याच परवान्याखाली मिळाला पाहिजे, ही अट. पिवळ्याने ती मोडली, म्हणजे त्याची परवानगीच संपली.

गंमत म्हणजे जीपीएल ३ सुधारायची संधीही देते. पहिलीच चूक असेल आणि तुमची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने दुरुस्त केलं, तर हक्क पुन्हा मिळतात. म्हणून आधी त्याला लिहा, तारीख घाला, स्क्रीनशॉट जोडा. ‘शाध’वाला तर नक्कीच जोडा. इतका सुंदर पुरावा मला दिवाणी दाव्यात कधी मिळालेला नाही.

रात्रपाळी:

वकीलसाहेब कागदावर बरोबर आहेत. पण पिवळा कुठल्या देशात बसलाय ते माहीत आहे का? आज काढलं तर उद्या हिरव्या आयकॉनने येईल.

माझं मत दोन्ही बाजूंच्या विरोधात जाणारं आहे. एमआयटी हा मोकळा परवाना लावायला हवा होता. ‘घ्या आणि काहीही करा’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. जीपीएल लावली की माणूस पोलिसाच्या भूमिकेत जातो, रात्री कोड लिहायचा सोडून नोटिसा लिहितो. विश्रामबागकर, आठ दिवसांत किती कमिट केले (कोडमध्ये किती बदल नोंदवले)? शून्य ना?

विश्रामबागकर (धागाकर्ता):

शून्य. बरोबर पकडलंत.

पण एमआयटी असतं तर पिवळ्याने काहीच चुकीचं केलं नसतं आणि मला बोलायलाही जागा राहिली नसती. मला पैसे गेल्याचं दुःख नाही, पैसे नव्हतेच. गाण्यांच्या मध्ये जाहिरात वाजते, त्याचं आहे. समेवरची ती अर्ध्या सेकंदाची शांतता घालवायला मी चार महिने घातले. आणि त्या जागी आता टूथपेस्ट!

कोयनाकाठ:

कऱ्हाडहून. मी हा धागा तीन दिवस नुसता वाचतोय, आता बोलतो. या ॲपमध्ये माझे सात पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) आहेत.

पहिल्याची कथा सांगतो. मी ‘कऱ्हाड’ शोधलं, काही सापडेना. गावच्या गणेशोत्सवातलं रेकॉर्डिंग समोर यादीत दिसतंय, शोधात नाही. खोदलं तर कळलं की तो अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साध्या र खाली नुक्ता देऊन. तीन, र, हलन्त आणि पुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडाक्षर-चिन्ह घालून. दिसायला तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या नियमाने) एक होतात, तिसरा होत नाही. शेवटी शोधापुरते तिन्ही साध्या र् वर आणले. त्यामुळे ‘दर्या’ शोधलं तर ‘दऱ्या’ पण येतात. चालतंय, दऱ्याखोऱ्यातलीच माणसं आपण.

ही दुरुस्ती मी बंद कंपनीला फुकट दिली असती का? नाही. कोड दिसला म्हणून दिली, आणि पुढेही दिसत राहील या भरवशावर दिली. त्या ओळींचा कॉपीराइट माझा आहे, मी तो कुणाला लिहून दिलेला नाही. त्यामुळे दादा, तुम्ही एकट्याने ‘बंद करू का’ विचारताय, ते मला विचारल्याशिवाय करता येणार नाही. भांडत नाही, सांगतोय.

हिशेबनीस:

सात पॅच काढून टाका, स्वतः लिहा. हाय काय अन् नाय काय.

कोयनाकाठ:

खुशाल. मग कऱ्हाड सापडणार नाही तुमच्या ॲपला.

अजिंक्यतारा:

कोयनाकाठ यांचा मुद्दा कायद्याने ठाम आहे. व्हीएलसी या खुल्या व्हिडिओ प्लेअरचं उदाहरण बघा. २०११ च्या जानेवारीत ते आयफोनच्या स्टोअरवरून उतरवलं गेलं, कारण एका सहभागी प्रोग्रॅमरने हरकत घेतली की स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत. मग ज्यांचे ज्यांचे पॅच होते त्यांना गाठून संमती घेत परवाना बदलावा लागला, आणि ॲप २०१३ मध्ये परत आलं.

रात्रपाळी:

आणि ज्या सबसॉनिकच्या एपीआयवर हे सगळं उभं आहे, त्याचंच बघा. २०१६ मध्ये त्यांनी सोर्स देणं थांबवलं. काय झालं? शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून लोकांनी लिब्रेसॉनिक काढलं, त्यातून एअरसॉनिक निघालं. २०१८ च्या शेवटी एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरने दार लावलं, तर त्याच्या खुल्या कोडवरून जेलीफिन आलं. तुम्ही दार लावलंत तर कोयनाकाठ खिडकीतून बाहेर पडतील आणि त्यांचं ॲप जास्त चालेल. एवढ्यापुरता माझा एमआयटीचा हट्ट सोडतो.

हिशेबनीस:

ठीक, सगळे मिळून बंद करू देत नाही म्हणताय. मग यांनी खायचं काय ते सांगा. प्ले स्टोअरचं खातं काढायला २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला १२ परीक्षक गोळा करून सलग १४ दिवस ॲप त्यांच्या फोनवर ठेवायचं, मग अर्ज. पूर्वी २० लागायचे म्हणे. आणि हे सगळं करून तुम्ही फुकट देणार, पिवळा १४९ घेणार. वा.

विश्रामबागकर (धागाकर्ता):

१२ परीक्षकांचं आठवण करून दिलीत! दोन मामा, एक मावशी, जिममधले चौघे, बाकी ऑफिस. मावशीने नवव्या दिवशी ‘जागा भरली’ म्हणून ॲप काढलं आणि मी घामाघूम.

तुमचा प्रश्न रास्त आहे. प्ले स्टोअरवर ९९ रुपये लावतो. जीपीएल त्याला आडवी येत नाही, हे वकीलसाहेबांमुळे नीट कळलं. एफ-ड्रॉइडवर फुकटच राहील. फक्त तिथली बिल्ड (तयार ॲप) ते स्वतः सोर्सवरून करून आपल्या डिजिटल किल्लीने सही करतात, त्यामुळे एकीवर दुसरी अपडेट म्हणून बसत नाही, आधीची काढावी लागते. हे ठळक लिहीन, नाहीतर शिव्या मलाच.

हिशेबनीस:

फुकट बाजूला असताना ९९ कोण देणार?

तंबोरा_मिरज:

मी देणार. आणि मैफलीला तिकीट नसलं तरी पेटीत पैसे टाकणारा मी एकटाच नाही. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला येऊन बघा, गाणारे सेवा म्हणून गातात, ऐकणारे पहाटेपर्यंत उठत नाहीत.

हिशेबनीस:

एक ९९ झाले. उरलेले मोजून सांगा, वर्षाने विचारतो.

माचीवरचा:

साताऱ्याहून. पैशाच्या गप्पा चालू द्या, मी एक वेगळी गोष्ट नोंदवतो. जुन्या सर्व्हरला जोडताना हे ॲप पासवर्डपुढे ‘एन्क’ लावून पाठवत होतं. लेखकाला वाटलं गुप्त केलाय. तो नुसता हेक्समध्ये (अक्षरांऐवजी ठरलेल्या आकड्यांत) लिहिलेला पासवर्ड असतो, शाळेतला पोरगाही उलगडेल. एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) नसेल तर लॉजच्या वायफायवर उघडाच. मी कोड वाचला म्हणून दिसलं, रात्री कळवलं, सकाळपर्यंत साध्या जोडणीवर लाल इशारा आला होता. पिवळ्याच्या ॲपमध्ये तो इशारा अजून नाही. १४९ देणाऱ्यांनी बघा.

हिशेबनीस:

हे मात्र मला टोचलं. माझ्या बिलिंगमध्ये पासवर्ड कसा ठेवलाय ते आज तपासतो. इथे सांगणार नाही.

विश्रामबागकर (धागाकर्ता):

चौदा दिवसांनी अपडेट. पिवळ्याला लिहिलं, तारीख आणि ‘शाध’चा फोटो जोडून. उत्तर नाही. ३० दिवस पूर्ण होऊ देतो, मग स्टोअरकडे तक्रार. कोड जीपीएलच राहतोय. नाव आणि आयकॉनची टीप रीडमीत (कोडसोबतच्या माहितीपत्रात) टाकली. सहभागींची यादी ॲपमध्ये दिसेल, कोयनाकाठ पहिले. कमिट नऊ, रात्रपाळींसाठी. ‘शाध इतिहास’ तसाच ठेवलाय, मुद्दाम.

तंबोरा_मिरज:

९९ भरले. ‘मारुबिहाग’ लिहिलं तर ‘मारू बिहाग’ सापडत नाही.

विश्रामबागकर (धागाकर्ता):

इश्यू (तक्रारीची नोंद) टाका ना.

कोयनाकाठ:

मी टाकला. बघतो रविवारी.