नाताळच्या बॅनरवरचं वचन

सेक्रेटरी: गेटवरच्या नाताळ बॅनरचा मजकूर टाकतोय. पाचच्या आत कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा, मग मडगावला प्रिंटला जाईल.
"मी तुम्हांस खचित सांगतो, जो शेजाऱ्याच्या दारी दिवा लावितो त्याच्या घरी अंधार वस्तीस राहत नाही. लूक 2:53"

सी-201: झकास. साईज मोठी घ्या, गेल्या वर्षीचा आंब्याच्या फांदीआड गेला होता.

टीचर (ए-102): सेक्रेटरीसाहेब, लूकच्या दुसऱ्या अध्यायात वचनं 52च आहेत. हे 53वं कुठलं?

बी-304: टीचर, ते मी एआयकडून करून घेतलं. बायबलच्या भाषेत नाताळचं काहीतरी दे म्हटलं. आकडा त्यानंच घातला.

टीचर: तरीच. त्या अध्यायात येशू आधी गव्हाणीतलं बाळ आहे, आणि शेवटी देवळात गुरुजनांमध्ये बसलेला बारा वर्षांचा मुलगा. 'खचित सांगतो' हे त्याचं मोठेपणीचं बोलणं. यंत्रानं सूर बरोबर पकडला, वयाचा पत्ता नाही.

बी-304: पण अर्थ चांगलाच आहे ना? येशू असं म्हणालाच नसता असं थोडंच आहे?

टीचर: वाईट असता तर तुम्हीच खोडला असता. चांगला आहे म्हणूनच तो गेटवरून फोनवर जाईल, फोनवरून कुणाच्या तरी प्रवचनात. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या काळातही त्याच्या नावाची खोटी पत्रं फिरायची भीती होती. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो बजावतो, आमच्या नावानं पत्र आलं म्हणून घाबरून जाऊ नका. आणि शेवटी स्वतःच्या हातानं सलाम लिहून सांगतो, माझ्या प्रत्येक पत्राची खूण हीच.

डी-103: टीचर, राग मानू नका, पण नक्कल तर तुमच्या फादर स्टीफन्सनीही केली. आपल्या गोव्यात राशोललाच 1616मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण. ओव्या आपल्या, पुराणाचा थाट आपला, आत कथा बायबलची.

टीचर: राग कसला? वसईला लहानपणी आम्ही त्यातल्या ओव्या म्हणायचो. पण स्टीफन्सनी पुस्तक स्वतःच्या नावावर छापलं. ओवी लिहून खाली 'व्यास' असं नाही घातलं, की लूकच्या नावावर नाही खपवली. देवाची स्तुती कुठल्याही छंदात करा, एआयची मदत घेऊन प्रार्थना लिहा, माझं काही म्हणणं नाही. पण अध्याय-वचनाचा आकडा म्हणजे सही. ती दुसऱ्याची करायची नाही. आमच्याकडे बायबलची नवी आवृत्ती काढायलासुद्धा रोमची नाहीतर बिशप परिषदेची मंजुरी लागते, आणि इथे एक वचन जन्माला घालायला अर्धं मिनिट लागलं.

ए-401 काका: टीचरांचं बरोबर आहे. एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण लोकांनी आपापल्या ओव्या आत घुसडल्या होत्या. शेवटी सज्जड दम दिलाय:
ज्ञानेश्वरीपाठीं। जो ओंवी करील मऱ्हाटी।
तेणें अमृताचे ताटीं। जाण नरोटी ठेविली॥

टीचर: अगदी! आमच्या बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटच्या अध्यायातही हेच आहे. या पुस्तकात जो भर घालील त्याच्यावर देव यातल्या पीडा आणील. नाथांनी नरोटीवर, म्हणजे नुसत्या करवंटीवर भागवलं.

सी-201: 😀 काका, गीतेच्या नावानं रोज सकाळी तुम्ही काय काय पाठवता, त्याचे श्लोक पण एकदा तपासूया.

ए-401 काका: तपासा की.

डी-103: मला विचाराल तर हे फार ताणलं जातंय. बॅनर आहे, चर्चचा फतवा नाही. येणारा-जाणारा आकडा बघतो कुठे?

टीचर: न बघणाऱ्यालाच तो खरा वाटतो. बघणारा घरी जाऊन पुस्तक उघडेल. माझी विद्यार्थिनी दहावीच्या निबंधात असलं वचन लिहून आली तर मी गुण कापीन, आणि ती म्हणेल, टीचर, तुमच्याच गेटवर वाचलं.

सेक्रेटरी: मंडळी, पावणेपाच झाले. काय करायचं ते सांगा.

टीचर: मेंढपाळांना देवदूत जे गाऊन दाखवतात ते घाला. लूक 2:14. पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवते, त्यावरूनच टाईप करा. मनानं नको.

बी-304: माझी दिव्याची ओळ खाली लहान अक्षरात राहू दे की. आकडा नको.

टीचर: राहू दे, बाबा, ओळ छान आहे. फक्त खाली लिहिणाऱ्याचं नाव घाल.

बी-304: कुणाचं घालू? माझं की मोबाइलचं?

डी-103: दोघांचं. 'बी-304 आणि मोबाइल'.

टीचर: चालेल. पण 'मी तुम्हांस खचित सांगतो' काढ.

सेक्रेटरी: खचित काढलं. फाईल गेली. आणि सहा वाजता पाण्याचा टँकर येतोय, बी विंगच्या गाड्या हलवा.