जन्मताना बाळाला इजा झाली, तर भरपाईसाठी डॉक्टरची चूक सिद्ध करायलाच हवी का?

होटगीरोडकर
आमच्या भाचीचा मुलगा पाच वर्षांचा झाला, अजून मान धरत नाही. बाळंतपण सोलापुरातच, एका खाजगी दवाखान्यात. रात्रभर कळांचं सलाईन, पहाटे बाळ निळं पडून आलं, रडलं नाही, मग बारा दिवस काचेत. डॉक्टर चुकले का? मला खरंच सांगता येत नाही. वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि तिथंच घोडं पेंड खाल्लं. चूक दाखवता आली तर पैसे, नाहीतर छदामही नाही.

आता बघा. गाडीनं उडवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक ते न दाखवता गंभीर जखमीला अडीच लाख मिळतात, मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख. सरकारी योजनेतली नसबंदी फसली तरी ठरावीक रक्कम मिळते. जपाननं २००९ पासून बाळंतपणाशी संबंधित सेरेब्रल पाल्सीसाठी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही त्या आजारासाठी, हेच केलंय. एकूण ३ कोटी येन, त्यातले ६० लाख सुरुवातीला आणि बाकीचे वीस वर्षं हप्त्यानं. पैसा येतो दर बाळंतपणामागे दवाखान्यानं भरलेल्या विम्याच्या हप्त्यातून. आपल्याकडेही असंच व्हावं. आधी पोराची सोय लावा, दोष कुणाचा ते मागाहून बघू.

रात्रपाळी
मी स्वतः प्रसूतितज्ज्ञ. जिल्ह्यात दहा खाटांचा दवाखाना आहे, म्हणून बोलतो. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांच्या मेंदूला इजा झालेली असते ती कळा सुरू होण्याआधीच: कमी दिवसांचं बाळ, गरोदरपणातला जंतुसंसर्ग, आणखी काही. प्रत्यक्ष प्रसूतीत प्राणवायू कमी पडून झालेली मुलं त्यात थोडी. पण फंड निघाला की प्रत्येक फाईलवर "बाळंतपणात झालं" असंच लिहिलं जाणार. आणि हप्ता मी भरणार म्हणता, पण तो बिलात येणार नाही होय?

दुसरं, बाळ गुदमरलेलं असलं तर त्याचं अंग थंड ठेवायचा उपचार असतो. तो ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या गावातून गाडी मिळून, सोलापूर गाठून, खाट मिळेपर्यंत किती वाजतात ते येऊन बघा. यात माझी चूक किती आणि रस्त्याची किती?

होटगीरोडकर
डॉक्टरसाहेब, माझीच बाजू मांडलीत की! चूक रस्त्याची असली तर भाचीनं नोटीस कुणाला काढायची?
राहिली तुमची पहिली शंका. जन्मजात दोष किंवा आनुवंशिक कारण असेल तर जपानची योजनाही पैसे देत नाही, छाननी असते.

तारखेपेतारीख
ग्राहक आयोगात पंधरा वर्षं वकिली केलीय. मी या कल्पनेच्या पूर्ण विरोधात आहे.

चेन्नईत १९९६ साली सरकारी रुग्णालयात एक मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली. तिचे डोळे वेळेवर तपासायला सांगितले नाहीत, दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला सुमारे १ कोटी ८० लाख दिले. आता त्या बापाच्या हातात सुरुवातीलाच अडीच लाख टेकवून अंगठा घेतला असता तर? फ्लोरिडात १९८८ पासून असा फंड आहे. त्यात बसलेल्या बहुतेक पालकांना कोर्टाचं दार बंद. ठरावीक रक्कम म्हणजे निष्काळजीपणाचं दरपत्रक. डॉक्टर हप्ता भरून मोकळा, पुढच्या बाईलाही तसंच सलाईन.

रात्रपाळी
"तसंच सलाईन" म्हणजे काय हो? कळा वाढवायचं औषध योग्य देखरेखीत दिलं तर त्यात गैर काही नाही. तुमच्यासारख्यांच्या नोटिसांच्या धाकानं निम्मे लोक सरळ सिझर करून मोकळे होतात, हेही लिहा की.

होटगीरोडकर
वकीलसाहेब, १९९६ ते २०१५ म्हणजे १९ वर्षं. तेवढ्यात फिजिओथेरपीचं वय निघून जातं. आणि जपानमध्ये कोर्टात जायला बंदी नाही. उलट तिथं प्रत्येक केसची कारणं शोधून अहवाल पालकांना आणि दवाखान्याला, दोघांनाही देतात. आपल्याकडं आम्हाला एवढंच ऐकायला मिळालं, "असं होतं कधीकधी."

चादरवाला
आपल्या सरकारचा फंड? गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यागत, वर जातोय दिसायला, उतरतोय तिथंच बे.

घरकुलची_आई
मी विड्या वळते. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, बसत नाही, झटके येतात. तुमचं सगळं वाचलं. मला एकरकमी पैसे नकोत. लाखभर आले तर सासरचे आधी घराचा हप्ता फेडतील, दिराची गाडी येईल. आठवड्याला तीनदा पोराला घेऊन रिक्षानं गावात जायचं, त्या दिवशी विड्या होत नाहीत, ती मजुरी कोण देणार? महिन्याला द्या, पोराच्या नावावर द्या, आणि मरेपर्यंत द्या. वीस वर्षांनी काय करायचं त्याचं?

होटगीरोडकर
वीस वर्षांचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. खरं आहे.

पार्कचौक
ताई, दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, सेरेब्रल पाल्सीला चालतो. वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही धरतात.

घरकुलची_आई
प्रमाणपत्र नाही. अजून लहान आहे, पुढच्या वर्षी या म्हणाले.

तारखेपेतारीख
ताई, प्रमाणपत्राचं होईल, पण आधी एक ऐका. ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. बाळंतपण फुकट झालं होतं की पैसे भरून?

घरकुलची_आई
भरून. पावत्या आहेत थोड्या.

तारखेपेतारीख
मग केस करा अगर करू नका, फाईल आधी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण जपून ठेवायचं बंधन ३ वर्षांचंच.

रात्रपाळी
यात मी वकिलांबरोबर आहे. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. प्रसूतीच्या वेळचे बाळाच्या ठोक्यांचे कागद, कळांचा तक्ता, औषध कधी लावलं त्याची नोंद आणि बाळाच्या वॉर्डातली फाईल, सगळं मागा. तिथल्या डॉक्टरची चूक नसेल तर तेही त्याच कागदांत दिसेल.

होटगीरोडकर
तीन वर्षं? आमची पाच झाली. आम्ही फाईल मागितलीच नव्हती.

घरकुलची_आई
अर्ज मराठीत चालतो का?

तारखेपेतारीख
चालतो. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, तारीख घेऊनच बाहेर पडा.