जुन्या हॉलीवूडचे विसरलेले चेहरे आयुष्यावरून ओळखायचे आहेत, माझे क्लू तपासून द्या

एरंडवणेकर

नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, जुना इंग्रजी सिनेमा लावतो आणि नंतर चहा-पोह्यांबरोबर ओळखा पाहूचा खेळ. बहुतेक सगळे पुण्यात अलका टॉकीजला इंग्रजी पिक्चर बघत मोठे झालेले, काही जण लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या शोला नेमाने जाणारे, त्यामुळे बोगार्ट, कॅरी ग्रँट, बर्गमन असलं विचारण्यात अर्थच नाही, लगेच उत्तर येतं. आम्ही विचारतो ते मागचे लोक. हॉटेलातला वेटर, मिशीवाला कर्नल, खडूस आत्या, सरकारी वकील. चेहरा दिसला की सगळे एकदम "अरे हा!!" करतात आणि नाव कोणालाच आठवत नाही. नियम एकच, क्लूमध्ये सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, फक्त त्या माणसाचं आयुष्य सांगायचं.

यावेळी प्रश्न काढायची पाळी माझी आहे आणि मला ते नीट काढायचेत. या लोकांनी ढिगाने सिनेमे केले, पोस्टरवर नाव आलंच तर अगदी खाली बारीक अक्षरात, निदान आमच्या घरात तरी त्यांचं नाव एकदा मोठ्याने घेतलं जावं असं मनापासून वाटतं.

आत्तापर्यंत काढलेले असे. पहिला, इंग्लंडकडून एकच कसोटी खेळला, त्यात कॅप्टन होता, जिंकला, आणि म्हातारपणी हॉलीवूडमध्ये गेला. दुसरा, पॅरिसचा नट, जर्मनांनी त्याचा फोटो पोस्टरवर छापून शहरात लावला. तिसरी, स्वतःच्या वाढदिवसालाच गेली. चौथा, आधी गणिताचा मास्तर, मग नट, पंचेचाळिशीत त्याने दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्याचं काम केलं.

सुटण्यासारखे आहेत का? कुठला आधी घेऊ? आणि भारताशी धागा असलेला एखादा कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, आमच्यात तसल्या प्रश्नाला जास्त रंग चढतो.

गल्ली_क्रिकेट

पहिला सी. ऑब्री स्मिथ, आणि हा क्लू पुण्यात चालणार नाही हो, "एकच कसोटी आणि त्यात कॅप्टन" म्हटलं की स्कोअरबोर्ड पाठ असलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात निघतो. 1889 मधली पोर्ट एलिझाबेथची कसोटी, दक्षिण आफ्रिकेची पहिलीवहिली, पहिल्या डावात याने 19 धावांत 5 काढल्या. ससेक्सचाही कॅप्टन होता. गोलंदाजीला यायचा तो वळसा घालून, म्हणून टोपणनावच 'राउंड द कॉर्नर' स्मिथ.

तुम्ही सुरुवात दुसरीकडून करा. त्या दौऱ्यानंतर तो जोहान्सबर्गला राहिला, शेअर दलाली करत होता, तिथे जबरदस्त आजारी पडला आणि डॉक्टरांनी त्याला चक्क मृत घोषित केलं. तो उठला आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं जगला, 1948 पर्यंत. म्हणजे त्याचं सगळं नाटकसिनेमातलं आयुष्य डॉक्टरांनी "गेला" म्हटल्यानंतरचं. हे आधी सांगा, मग हे की 1932 मध्ये त्याने हॉलीवूडमध्ये क्रिकेट क्लब काढला आणि डेव्हिड निव्हन, बोरिस कार्लॉफ वगैरे मंडळी तिथे खेळायची, आणि कसोटी अगदी शेवटी. 1944 मध्ये सर पण झाला. चेहरा आठवा, जाड पांढऱ्या भुवया, त्याहून जाड मिशा, ताठ मान, बंगाल लान्सर्सवाल्या 1935 च्या सिनेमातला मेजर. ब्रिटिश साम्राज्याचा चेहरा म्हणून हॉलीवूडने जो दाखवला तो बराचसा याचाच.

कॅम्पवासी

दुसरा मार्सेल दालियो. या प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार, याच्याबद्दल मला बरंच बोलायचंय.

फ्रान्समध्ये तो काही मागचा माणूस नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारच्या 1937 आणि 1939 च्या दोन मोठ्या सिनेमांत त्याची मोठी कामं आहेत, दुसऱ्यात तर तो हवेलीचा मालक मार्की आहे. आणि 1940 च्या जूनमध्ये जर्मन पॅरिसच्या दाराशी आल्यावर त्याला आणि त्याच्या तरुण बायकोला, मादलेन लेबो, सगळं टाकून पळावं लागलं, कारण तो ज्यू. लिस्बन गाठलं, तिथे चिलीचे व्हिसा मिळवले, बोटीत बसले, आणि मेक्सिकोला पोचल्यावर कळलं की व्हिसा खोटे आहेत. अडकले. शेवटी कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट मिळाले आणि तिथून अमेरिका. इकडे पॅरिसमध्ये "ज्यू कसा दिसतो ते बघा" म्हणून जर्मनांनी याचाच फोटो पोस्टरवर. त्याचे आईवडील छळछावणीत गेले.

आता हे सगळं डोक्यात ठेवून कॅसाब्लांका परत लावा. पूर्ण गोष्टच व्हिसासाठी अडकलेल्या लोकांची आहे. रिकच्या कॅफेत रुलेटच्या टेबलाशी काळ्या सुटातला जो बुटका माणूस उभा असतो, पोलीस कॅप्टन "इथे जुगार चालतो" म्हणून कॅफे बंद करतो आणि तेवढ्यात त्याच कॅप्टनच्या हातात त्याचे जिंकलेले पैसे आणून देतो, तो दालियो. श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. आणि जर्मन अधिकारी त्यांचं गाणं म्हणत असताना अख्खा कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू करतो तेव्हा कॅमेरा ज्या मुलीच्या चेहऱ्यावर थांबतो, गालावरून पाणी वाहतंय आणि ती गातेय, ती मादलेन. 1942 मध्ये हे शूट होत होतं तेव्हा पॅरिस अजून जर्मनांच्याच ताब्यात होतं. ते रडणं बघताना मला दरवेळी गलबलून येतं.

त्याच कॅफेतला गुबगुबीत हेडवेटर कार्ल, तो एस. झी. साकाल, बुडापेस्टचा, त्याच्या तिन्ही बहिणी छळछावण्यांत गेल्या आणि इकडे तो पडद्यावर स्वतःचे गाल धरून लोकांना हसवत होता. तुमच्या यादीत त्यालाही घ्याच.

एकच विनंती, पोस्टरचा क्लू पहिला देऊ नका. आधी खोटा व्हिसा सांगा, मग मेक्सिको, मग बायकोही त्याच सिनेमात आहे म्हणून सांगा. पोस्टर शेवटी. उत्तर आल्यावर खोलीत दोन मिनिटं कोणी बोलत नाही, म्हणून हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

पर्वती_पायथा

तिसरी एडना मे ऑलिव्हर. 9 नोव्हेंबर 1883 ला जन्म, 9 नोव्हेंबर 1942 ला गेली, 59 पूर्ण. पण एरंडवणेकर, राग मानू नका, मला हा क्लू आवडला नाही. तारीख जुळली हा योगायोग झाला, त्यात ती बाई कुठे आहे? उत्तर कळल्यावर चेहरा डोळ्यापुढे आला पाहिजे तर मजा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून नाटकात शिरली हे सांगा. लांबुळका चेहरा आणि नाक उडवून बघायची ढब, त्यामुळे आयुष्यभर करारी आत्या आणि दाया वाट्याला आल्या, 1935 या एका वर्षात डिकन्सच्या दोन कादंबऱ्यांवरच्या सिनेमांत तीच होती, हे सांगा. सिनेमाचं नाव न घेता "डिकन्स दोनदा" एवढं चालेल ना तुमच्या नियमात?

याउलट चौथा क्लू अप्रतिम आहे. सॅम जॅफी. ब्रॉंक्समध्ये गणित शिकवायचा आणि 1951 च्या त्या उडत्या तबकडीच्या सिनेमात तो शास्त्रज्ञ झालाय, त्याच्या अभ्यासिकेत फळाभर समीकरण लिहून ठेवलेलं, अडलेलं, आणि परग्रहावरचा पाहुणा येऊन खडूने दुरुस्त करून जातो. नंतर तो प्रोफेसर त्या पाहुण्याकडे ज्या नजरेने बघतो ना, भीती जवळपास नाहीच, नुसती उत्सुकता, एखाद्या मास्तरालाच जमेल असं ते बघणं आहे. आयुष्यातली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट अशी एकमेकांना चिकटते तो खरा क्लू.

आणि भारताचा धागा तुमच्या हातातच आहे की. 1939 च्या 'गंगादीन' सिनेमातला गंगादीन म्हणजे हाच. न्यूयॉर्कचा ज्यू माणूस तोंडाला काळा रंग फासून भिश्ती झालाय, खैबर खिंड म्हणून कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचे डोंगर. तो सिनेमा मला आजही खटकतो, आपल्या लोकांना त्यात दाखवलंय ते बघवत नाही. पण माणूस म्हणून जॅफीवर मी तो राग काढत नाही, कारण त्यानंतर पन्नासच्या दशकात डाव्या विचारांच्या संशयावरून हॉलीवूडने ज्यांना काळ्या यादीत टाकलं त्यात तोही होता, 1950 च्या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालेला नट आणि थोड्याच काळात कामं बंद. परत दिसला तो दशकाच्या शेवटी, 1959 च्या बेन हरमध्येही. खेळात हे दोन्ही सांगा, अर्धवट नको.

नगर_रोड

भारताचे दोन देतो.

एक, जन्म मुंबई, 15 जानेवारी 1905. शिक्षण इंग्लंडात, काही काळ शाळामास्तर, मग नट, युद्धात तोफखान्यात, त्यानंतर हॉलीवूडमध्ये नुसता खलनायक. 1957 च्या गाजलेल्या कोर्टाच्या सिनेमात सरकारी वकील आणि 1958 मध्ये सिंदबादच्या मागे लागलेला काळ्या कपड्यातला टकलू जादूगार. टॉरिन थॅचर. लहानपणी तो एकडोळ्या राक्षसाचा सिनेमा बघितलेल्यांना जादूगार पक्का आठवतो, पण तो मुंबईत जन्मलेला हे मी अजून ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

दुसरा तुमच्या नियमात बसेल का बघा, कारण माणूस विसरलेला नाही, पण नातं कोणाला माहीत नसतं. क्लू असा द्या, याच्या आईची मावशी अहमदनगरला जन्मली. 1831 साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सैनिकाची मुलगी. पुढे ती सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला बँकॉकला गेली आणि जन्मभर सांगत राहिली की मी वेल्सची. तिच्यावर सिनेमे निघाले, संगीत नाटक निघालं. ती ॲना लिओनोवेन्स, आणि तिच्या बहिणीचा नातू म्हणजे फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वर गल्ली_क्रिकेट यांनी क्लबात खेळणाऱ्यांत नाव घेतलंय तोच. ऑब्री स्मिथवरून थेट कार्लॉफवर उडी मारता येते, तिथून नगरला.

एरंडवणेकर

काय सांगू, एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. पर्वती, राग कसला, तारखेचा क्लू काढून टाकला, "डिकन्स दोनदा" घेतलं. क्रम असा ठरवतोय, आधी डॉक्टरांनी मृत ठरवलेला माणूस, त्याला जोडून नगरची मावशी, मग जादूगार, मग डिकन्सवाल्या बाई, मग मास्तर फळ्यासकट, दालियो शेवटी. कॅम्पवासी, दालियोचं उत्तर आल्यावर राष्ट्रगीताचा तो प्रसंगच लावणार आहे, पेन ड्राइव्हवर काढून ठेवला.

मध्ये जरा हलकाफुलका एक लागेल, आहे का कोणाकडे?

गल्ली_क्रिकेट

हा घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत जन्म, 1906 चा भूकंप झाला तेव्हा तान्हा होता. आधी विमा विकायचा. पडद्यावर कायम चष्मा, आंबट तोंड, हातात कागद, कधी कारकून, कधी टॅक्सवाला, कधी वसुलीवाला, शेकडो सिनेमे. शंभरी झाल्यावर सत्कार केला तर स्टेजवरून म्हणाला की कोणाला हवं असेल तर मी अजून कामाला मोकळा आहे.

कॅम्पवासी

चार्ल्स लेन! 2007 मध्ये गेला, 102 व्या वर्षी. जेम्स स्ट्युअर्टच्या त्या ख्रिसमसच्या सिनेमात म्हाताऱ्या घरमालक पॉटरला "साहेब, तुमची झोपडपट्टी रिकामी होतेय, लोक बेलीकडून घरं बांधून घेतायत" असं नकाशा पुढे करून सांगणारा वसुलीवाला तो. एरंडवणेकर, याला फळ्यावाल्या मास्तरानंतर आणि दालियोच्या आधी टाका.