पहिल्यांदाच एकांकिका बसवतेय, टेक्निकलचं कसं करू?

प्रश्न: आमच्या विद्यापीठाच्या महोत्सवात नवीन दिग्दर्शकांच्या एकांकिका आहेत, मी पहिल्यांदाच डिरेक्ट करतेय. अर्ध्या तासाची मर्यादा आहे आणि एका संध्याकाळी पाठोपाठ नाटकं असल्याने स्टेजवर रिहर्सलला अगदी थोडा वेळ मिळणार. संवाद पाठ झालेत, पण लाईट, म्युझिक, सेट कसं बसवायचं तेच कळत नाहीये. कुणी केलंय का?

उत्तर १: टेक्निकल रिहर्सलला अख्खं नाटक चालवत बसू नकोस, क्यू टू क्यू कर (क्यू = लाईट किंवा म्युझिक बदलायची खूण). म्हणजे लाईट किंवा म्युझिक बदलतं त्याच्या आधीचं एखादं वाक्य घ्यायचं, बदल बघायचा की थेट पुढच्या क्यूवर. संहितेत प्रत्येक क्यूला नंबर टाक आणि तीच कॉपी ऑपरेटरला दे, "ती रडते तेव्हा" असं नको, नेमका शब्द लिही, "दार लाव" मधल्या "लाव"वर लाईट फेड, म्हणजे हळूहळू मंद.

उत्तर २: +१. आणि तालमीच्या जागेत आत्ताच टेपने स्टेजचं माप आखा, विंग कुठे, एन्ट्री कुठून, नाहीतर वाक्य संपतं तरी नट खुर्चीपर्यंत पोचलेला नसतो. सेट कमी ठेवा, लेव्हल्स (वेगवेगळ्या उंचीचे चौथरे) पुरतात, पुढच्या टीमला रंगमंच पटकन रिकामा करून द्यायचा असतो.

उत्तर ३: तालमीत २५-२६ मिनिटांत बसव गं, प्रेक्षक हसले की थांबावं लागतं, ब्लॅकआउटही वेळ खातात. जास्त होत असेल तर भरभर बोलायला लावू नकोस प्लीज, प्रसंगच काप, पण लेखकाला विचारून. प्रयोगाची परवानगी घेतलीस ना?