शुगर निघाली आहे: भाकरी, भात, उपास आणि मीटरबद्दल सल्ला हवा

माजघर
मंडळी, गेल्या महिन्यात पायाला मुंग्या येतात म्हणून तपासण्या केल्या आणि शुगर निघाली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.४. वय ४६, उंची ५ फूट १ इंच, वजन ५६. पतसंस्थेत काउंटरवर बसून काम. आईला शुगर होती, पण तिला साठीनंतर झाली, म्हणून मी निर्धास्त होते. ज्याला सांगते तो म्हणतो, "तू तर बारीक, तुला कशी?"

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दिली आहे. साखर, भात, बटाटा बंद आणि चाला, एवढं सांगून पुढचा पेशंट आत बोलावला. मी त्याच दिवसापासून भात बंद केला, पोळी बंद केली, दोन्ही वेळा शाळूची भाकरी सुरू केली. चहा बिनसाखरेचा. दहा दिवसांनी जेवणानंतरची पुन्हा केली, तर २३८. एवढं सगळं सोडून!

विचारायचं असं: भाकरी खाऊनही का वाढते? भात खरंच आयुष्यभर बंद? नाश्त्याला काय करू (घरात रोज पोहे-उपीट)? घरी शुगर मोजायचा मीटर घ्यावा का, की उगाच धास्ती वाढते? आणि श्रावण तीन आठवड्यांवर आलाय. सोमवार आणि शुक्रवार माझे लहानपणापासूनचे आहेत.

पावशेर
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर आहे. एका भाकरीला किती पीठ घेता ते एकदा मोजा. आमच्याकडे ७० ग्रॅम निघालं होतं. ज्वारीच्या पिठात साधारण ७० टक्के पिष्टच असतं (ज्याची पोटात साखर होते), म्हणजे एका भाकरीत ५० ग्रॅमच्या आसपास. पोळीला पीठ लागतं २५ ग्रॅम. म्हणजे दोन भाकऱ्या खाल्ल्या की पाच-सहा पोळ्यांचा हिशोब झाला. भाकरी चांगलीच, तंतू जास्त, पोट भरतं, पण "भाकरी म्हणजे पथ्य, कितीही खा" ही आपल्याकडची समजूत मला पहिली दोन वर्षं नडली. नाचणीचंही तेच. नाचणीच्या पिठाची पातळ आंबील रोज सकाळी ग्लासभर पीत होतो, आरोग्यदायी म्हणून. मीटर लावला तेव्हा कळलं की माझा सगळ्यात मोठा उडी मारणारा आकडा त्या ग्लासाचा.

आता मी एक भाकरी, तीही ४५ ग्रॅम पिठाची, आणि बाकी ताट उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. आमटी पातळ नको, घट्ट वरण किंवा पिठलं घ्या, म्हणजे डाळ पोटात जाईल, नुसतं पाणी नाही. कोशिंबीर आणि उसळ आधी, भाकरी शेवटी. हा क्रम बदलल्याने आकडा खाली येतो हे मी स्वतःवर पाहिलंय.

मीटर घ्याच. धास्ती न मोजण्यानेच जास्त वाटते.

लॅबवाला
बावीस वर्षं रक्त काढतोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, हात धुतल्यापासून नाही. रोज किमान एक जण यात चुकतो.

दुसरं, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? ८.४ हा आकडा तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचा असतो. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा असतो त्याहून जास्त दिसू शकतो. उलट नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल तर कमी. बायकांच्या बाबतीत हे कुणी विचारतच नाही.

मीटर घेतलात तर: हात साबणाने धुऊन कोरडे करा (आंबा कापलेल्या हाताने टोचलं तर आंब्याची साखर मोजली जाते, हे थट्टेने सांगत नाही). बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच बंद, सांगलीच्या पावसात उघडी राहिली तर पट्ट्या बिघडतात. आणि लॅबपेक्षा १५ टक्के इकडेतिकडे येणं हे मीटरच्या मानकात बसतं. १४८ आणि १५६ यात फरक शोधत बसू नका.

रानमेवा
गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही. अजून वेळ आहे. सकाळी कारल्याचा रस, रात्री जांभळाच्या बियांची पूड, साखरेऐवजी सेंद्रिय गूळ. माझ्या मेव्हण्याची तीन महिन्यांत नॉर्मल आली.

पावशेर
रानमेवा, गूळही साखरच. सेंद्रिय असला तरी. रक्ताला पावती दाखवता येत नाही.

उंबरठा
वरच्या सल्ल्याबद्दल थोडं गंभीरपणे. माझे वडील साखर उतरवणाऱ्या गोळीवर होते आणि कुणाच्या सांगण्यावरून कारल्याचा रसही घेत. त्यात आषाढी एकादशी. सकाळी गोळी घेतली, दुपारी चारपर्यंत दोन केळी. देवघरासमोर बसल्या जागी घामाने भिजले आणि काहीबाही बोलायला लागले. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. शेजारच्या नर्सताईंनी मीटर लावला, ४६. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, परत पाजली, मग पोळी दिली. शुद्ध हरपली असती तर तोंडातून काही द्यायचं नसतं, थेट दवाखाना.

माजघर, नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी खाली जाणं क्वचित होतं. पण पाकिटामागचं नाव वाचा. मेटफॉर्मिनला ग्लिमेपिराइड (साखर जास्त खाली नेऊ शकणारं औषध) जोडलेल्या गोळ्या आपल्याकडे खूप दिल्या जातात. तशी असेल तर डॉक्टरांना न विचारता उपास अजिबात नको, आणि ७० च्या खाली काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

माजघर
पाकीट पाहिलं, नुसती मेटफॉर्मिनच आहे. पहिले आठ दिवस पोट बिघडलं होतं, आता ठीक.

लॅबवाले दादा, हिमोग्लोबिन ९.८. पाळीचा त्रास दोन वर्षं आहे, अंगावर काढतेय. मग माझी शुगर खोटी का?

लॅबवाला
नाही हो, तेवढा आनंद देता येत नाही. उपाशीपोटी १२६ ला मधुमेह म्हणतात, तुमची १६८. ती पेशींवर अवलंबून नसते. मुद्दा पुढचा आहे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की एचबीए१सी त्यामुळेही खाली येईल आणि तुम्हाला वाटेल सगळं पथ्याने झालं. म्हणून तुमच्या बाबतीत मीटरची वही जास्त भरवशाची. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा कागद एचबीए१सीच्या शेजारी ठेवून दाखवा. आणि पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना, लगेच.

टेकडी
"तू तर बारीक" यावर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटनमधले सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपली माणसं काट्यावर बारीक आणि आतून चरबीची असतात, ती गोष्ट त्या एका फोटोत आहे. तुमचा बीएमआय मी काढला, २३.३. आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन धरतात. काट्यापेक्षा टेप घ्या: बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

चालण्याबद्दल: सकाळी तासभर चालून दिवसभर काउंटरवर बसण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरच्या आकड्यावर ते जास्त लागू पडतं. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम हवं. भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं. साखर जाळणारी भट्टी मांड्यांत आहे, आणि आपल्याकडच्या बायकांना ती पेटवायला कुणी सांगत नाही.

चटणीभाकर
दीक्षित डाएट करून पाहा ना, दोनच वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं. माझं नऊ किलो उतरलं.

टेकडी
वजन खरोखर जास्त असेल तर ते उतरवल्याने फरक पडतो यात वाद नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात (२०१७) वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण ती माणसं जास्त वजनाची किंवा लठ्ठ होती आणि निदान होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती. ५६ किलोच्या, हिमोग्लोबिन ९.८ असलेल्या बाईने दोनच वेळा जेवावं का, हे मी तरी धाग्यावर सांगणार नाही.

चष्मा
सगळे ताटावर अडकलेत. निदानाच्या दिवशी रोग नवा नसतो, कागद नवा असतो. कित्येकांना आधीची काही वर्षं तो असतोच. म्हणून आत्ताच: डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी (चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती नव्हे), लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (ही मूत्रपिंडासाठी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, आणि मुंग्या येतात म्हणता तर पायाची संवेदना. पुढे दरवर्षी. शाकाहारी असाल तर बी१२ ही बघा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की ते कमी होतं, आणि मुंग्या त्यानेही येतात. मी पडद्याची तपासणी सहा वर्षं टाळली. लेसर झालं. बाकी सांगत नाही.

माजघर
साडेतीन आठवड्यांनी येतेय. मीटर घेतला, हजाराच्या आत आला, पट्टी साधारण वीस रुपयांना पडते. म्हणून रोज सात वेळा नाही, पावशेरदादांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं एका दिवशी एकच जेवण: आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. वहीतलं थोडं उतरवते.

पोहे, नेहमीची ताटली: १४२ वरून २३१.
मुगाची दोन धिरडी, दही: १३८ वरून १७२.
पोहे अर्धे, त्यात मटार-शेंगदाणे भरपूर, सोबत मटकीची उसळ: १३९ वरून १८१. (म्हणजे पोहे घरातून हाकलले नाहीत, याचाच जास्त आनंद.)
काकडीची कोशिंबीर, चवळीची उसळ, मग एक वाटी भात-वरण आणि शतपावली: १२९ वरून १६८.
दोन भाकऱ्या, पातळ आमटी, माझं आधीचं "पथ्य": १३६ वरून २२९.

मोजलं तर आमची भाकरी ८० ग्रॅमची निघाली. सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी भाकरी काय थापायची, भातुकली आहे का?"

श्रावणातला पहिला सोमवार साबुदाण्याच्या खिचडीवर केला, मुद्दाम, वहीसाठी. १३४ वरून २५८. शुक्रवारी भगर केली, सगळे म्हणतात हलकी. २२७. डॉक्टरांना वही दाखवली तर त्यांनी या वेळी दहा मिनिटं दिली. उपासाला हरकत नाही म्हणाले, पण दाणे, दही-ताक, काकडी आणि थोडंच राजगिऱ्याचं. लोह सुरू केलंय. डोळे झाले, पडदा स्वच्छ आहे. बी१२ कमी निघालं.

एकच कोडं. रात्री झोपताना ११८ आणि पहाटे काही न खाता १४४. रात्रीत कोण खातंय?

पावशेर
तुमचं यकृत. पहाटे अंगाला जागं करणारी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. बऱ्याच जणांना हा आकडा सगळ्यात शेवटी वठणीवर येतो. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत घेऊन पाहा, आणि सध्या दुपारचे आकडे सुधारताहेत तिकडे बघा. उपाशीपोटी १३० च्या आत, जेवणानंतर १८० च्या आत, असं साधारण लक्ष्य असतं. तुमचं काय असावं ते डॉक्टरांनी ठरवावं.

ता. क. ८० ग्रॅम! दंडवत.

माजघर
आणखी एक झालं. काल दुपारी सासूबाई म्हणाल्या, माझीपण टोच बघू. जेवून दोन तास झाले होते. २११. त्यांना आजवर कधी काही नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी बघते, पट्ट्या नऊ उरल्यात.

लॅबवाला
पट्ट्या वाचवा. घरच्या मीटरवरून निदान करत नाहीत. त्यांना आठ तास उपाशी ठेवून लॅबमध्ये नेऊन नसेतून रक्त द्या, एचबीए१सीही करा, हिमोग्लोबिनसकट. आणि काल त्यांना टोचायला सुई नवीन घेतली होती ना? एकाची सुई दुसऱ्याला कधीच नाही, घरातल्या घरातसुद्धा.

माजघर
सुई नवीन होती. टोचायचं पेन माझंच होतं.

लॅबवाला
पेनही वेगळं घ्या. त्याच्या टोकाला रक्त लागतं.